पोहणाऱ्याला चारा किती?

“पोहणाऱ्याला पहिल्या आठवड्यात चारा किती द्यावा?”

एवढं वाचून आप्पा थांबले. चष्मा कपाळावर ढकलला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, चष्मा परत नाकावर घेतला आणि मांडीवरचा लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

“दिनकर, तू वाच. माझं डोळं गेलं का काय बघ.”

मी वाचलं. डोळे शाबूत होते. प्रश्न तोच होता. पर्याय अ, अर्धा किलो. पर्याय ब, दीड किलो. पर्याय क, भूक असेल तेवढा.

शेजारी विहिरीच्या पायरीवर बसलेल्या पुण्याच्या कौस्तुभचे कान लाल झाले.

“ते... राहून गेलं, आप्पा. आधीचा कोर्स शेळीपालनाचा होता. आमच्याकडे टेम्प्लेट असतं. म्हणजे तयार साचा. शेळी पुसायची, पोहणारा लिहायचा. एखादी राहते.”

“शेळी?”

“हो.”

आप्पांनी विहिरीत बघितलं. 

“क,” ते म्हणाले. “भूक असंल तेवढा. पर पाण्यातनं भाईर आल्यावर. भरल्या पोटानं उतरू नये. प्रश्न बरोबर हाय पावणं, ऱ्हाऊ द्या.”

कौस्तुभला हसावं की रडावं कळेना. मला कळत होतं. मी हसलो.

आता हे आप्पा कोण, ते सांगतो. सुबरावआप्पा. वय ऐंशीला टेकलेलं. चाळीस वर्षं स्वतःच्या विहिरीत लोकांना पोहायला शिकवतात. फी नाही. एक नारळ आणायचा आणि आपला डबा आपण आणायचा. गोडेतेलाचा, पंधरा किलोचा, तोंडाला कथलाचा डाक लावून बंद केलेला. तो आप्पा दोरीनं पाठीला बांधतात आणि माणसाला पाण्यात ढकलतात. डबा बुडू देत नाही, बाकी हातपाय माणसानं मारायचे.

डब्यावर रंगानं नाव. पोहून झालं की डबा आप्पांच्या गोठ्यात खुंटीला. घरी न्यायचा नाही. ज्या दिवशी आप्पा म्हणतील, “जा, डबा घरी घेऊन जा,” त्या दिवशी माणूस पास. मग गावात रीत अशी की त्या डब्यात तुळस लावायची. आमच्या गावात निम्म्या दारांतली तुळस गोडेतेलाच्या डब्यात आहे.

माझ्या दारात तुळस नाही.

मी दिनकर. पिठाची गिरणी चालवतो. आप्पांचा सगळ्यात जुना शिष्य, बावीस वर्षं. सगळ्यात जुना म्हणजे सगळ्यात मोठा, असं बाहेरगावच्यांना वाटतं. मी वाटू देतो. पोरंटोरं आली, डबा घेऊन गेली, त्यांची लग्नं झाली. मी आपला रोज दुपारी गिरणी बंद करतो, डबा बांधतो, पाच वेढे मारतो, बाहेर येतो. बाहेर येताना डबा फार जड लागतो. आप्पांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “वय झालं की समदंच जड हुतं.” मला पटलं.

तर त्या दिवशी मी नुकताच वर आलो होतो. पंचा गुंडाळून पायरीवर बसलो होतो, आणि हा कौस्तुभ पुण्याहून मोटारीनं येऊन टपकला होता. तीस-बत्तीसचा असेल. घरबसल्या मोबाईलवर शिकायचे कोर्स बनवायची त्याची नोकरी. ‘आप्पांची विहीर : एकवीस दिवसांत पोहा’ हा कोर्स त्यानं पुण्यातच तयार करून आणला होता. विहीर न बघता.

“किती येळ लागला?” आप्पांनी विचारलं.

“चार तास.” हे त्यानं असं सांगितलं की आम्ही उठून टाळ्या वाजवाव्यात. “या महिन्यातला हा विसावा. सगळं साच्यात बसवलेलं असतं, आप्पा. आधी स्वागत. मग उद्दिष्टं. मग पाच व्हिडिओ, मग चाचणी, यशोगाथा, प्रमाणपत्र. फक्त चौकटी भरायच्या. शेळी असो, ध्यानधारणा असो, केक असो.”

“तुला पवाय येतंय?”

“नाही.”

“शेळ्या पाळल्यास?”

“...नाही.”

आमच्याकडं ह्याला उंटावरनं शेळ्या हाकणं म्हणतात. मी तसं म्हणणार होतो. आप्पांनी नुसतं बघितलं, मी गप्प बसलो.

“मला माहितेय तुम्ही काय म्हणणार,” कौस्तुभ म्हणाला. त्याचा आवाज चढला. असं ऐकून घ्यायची सवय असणार त्याला. “साचा वाईट. हातानं केलेलं खरं. मोठी माणसं सगळी हेच म्हणतात.”

“कोण म्हणलं वाईट?”

“...तुम्ही नाही म्हणत?”

आप्पांनी गोठ्याकडं हात केला. खुंट्यांना सात-आठ डबे टांगलेले. सगळे पंधरा किलोचे.

“मी बी साच्यावरच शिकीवतो की. पैलवान येऊ दे न्हाईतर सरपंचीणबाई येऊ दे. डबा त्योच, दोरी तीच, गाठ तीच. परत्येकाला नवा डबा कुठनं शोधून काढू? साचा हाय म्हणून चाळीस वर्सं एक बी बुडला न्हाई.”

कौस्तुभचा चेहरा एकदम उजळला. त्यानं लॅपटॉप ओढून घेतला आणि टकटक टकटक लिहायला लागला.

“काय लिवतोस?”

“‘गुरूंचा विचार’ अशी एक चौकट आहे. ती भरली.”

मला त्या पोराचा राग यायला लागला होता. बावीस वर्षांत आप्पांनी माझ्याशी एवढं बोलणं एका दमात केलं नव्हतं, आणि ह्यानं पाच मिनिटांत त्यांना चौकटीत घातलं.

“झालं मग,” आप्पा म्हणाले. “आता काय ऱ्हायलंय?”

तेव्हा त्या पोराची सगळी हवा गेली. खरी अडचण आत्ता बाहेर आली.

“यशोगाथा. तुमच्याकडे शिकून पास झालेला एक माणूस पाहिजे. पोहताना. दहा सेकंद. ती चौकट रिकामी असली की खालचं बटण हिरवं होत नाही, कोर्स पुढे जातच नाही. आणि...” त्यानं घड्याळ बघितलं. “पाचपर्यंत कोर्स गेला नाही, तर सोमवारपासून माझ्या खुर्चीत दुसरा बसेल. साहेबांनी लेखी कळवलंय. मागचे दोन उशिरा गेले होते.”

सव्वाचार झाले होते.

वार बुधवार. गाव रानात. विहिरीवर आम्ही तिघं. कौस्तुभनं आप्पांकडं बघितलं, आप्पांनी माझ्याकडं, मी पाण्याकडं.

“हे काका?” कौस्तुभ म्हणाला. “किती वर्षं झाली यांना?”

“बावीस,” आप्पा म्हणाले.

“बावीस वर्षं! अहो मग काय पाहिजे! काका, उतरा बघू. फक्त तो डबा नको. डबा असला की यशोगाथा वाटत नाही.”

...

आता मी काय करू? सांगितलं. पंचा घट्ट केला आणि सांगितलं.

“मला डब्याबिगर येत न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे येत न्हाई. नापास हाय मी.”

बावीस वर्षं जे कुणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं, ते एका परक्या पोराला सांगावं लागलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता हा मला पुसून तिथं शेळी लिहिणार.

“डबा राहू दे मग,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “बांधा लवकर. कसंतरी कापून बसवतो.”

आणि घाईघाईत त्यानं स्वतःच पायरीवर आडवा पडलेला माझा डबा उचलून उभा केला.

डब्याच्या बुडातनं पाण्याच्या धारा लागल्या. सरळ त्याच्या बुटांवर.

“अहो, याला भोकं आहेत!”

“असंल एखादं,” मी म्हणालो.

त्यानं डबा वर धरून मोजली. “खाली पाच. वर चार. नऊ आहेत काका. यात हवा राहीलच कशी? पाण्यात गेल्या गेल्या भरत असणार हा.”

 धारा बराच वेळ थांबल्या नाहीत.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा तंबाखू मळत होते.

“आप्पा.”

“हं.”

“ही भोकं कुणी पाडली?”

“मी. खिळ्यानं. समद्यांच्याच डब्याला पाडतो. माणूस घरी गेला की रातच्याला एक. थोडं थोडं. डब्याचं बळ कमी कमी हुतं, माणसाला पत्ता लागत न्हाई.”

आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गावातल्या तुळशी! प्रत्येक डब्याला खाली भोकं. मी वर्षानुवर्षं समजत होतो की ती तुळशीच्या पाण्याला वाट म्हणून पाडलीत. पैलवानाला माहीत. सरपंचीणबाईला माहीत. डबा घरी नेलेल्या एकूण एक माणसाला माहीत. अख्खं गाव गिरणीवर येऊन माझ्याकडनं दळण नेत होतं आणि एकानं तोंड उघडलं नव्हतं.

“माझ्या डब्याला शेवटचं भोक कधी पाडलं?”

आप्पांनी बोटं मोजली. “तुझी गिरणी डिझेलची हुती तवा.”

“एकवीस वर्सं झाली त्याला!”

“झाली असतील.”

“म्हंजे एकवीस वर्सं मी... भरलेला डबा पाठीवर घेऊन...”

“व्हय. लई ताकदीचं पवतोस तू.”

माझा संताप संताप झाला. खरं सांगतो, आप्पांवर मी कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी चढवला. “मग सांगितलं का न्हाई? समद्यांना म्हणाला, डबा घरी घेऊन जा. मलाच का न्हाई म्हणाला? मी काय घोडं मारलं हुतं?”

आप्पा तंबाखू मळायचे थांबले.

“डबा घरी नेल्यालं माणूस परत येत न्हाई, दिनकर,” ते म्हणाले. “तू रोज येतोस.”

...

   माणसाला बोलता येत नाही तेव्हा तो काहीतरी करतो. मी पंचा फेकला आणि उडी मारली.

अर्ध्या वाटेत आठवलं की पाठीला काही नाही.

पाणी डोक्यावरनं गेलं, कानात गेलं, नाकात गेलं. मी वर आलो. वर आलो म्हणजे आपोआप आलो, मला कळलंसुद्धा नाही कसा. अंग इतकं हलकं लागत होतं की मी घाबरलो. एक हात मारला तर समोरच्या भिंतीला जाऊन थडकलो. एकवीस वर्षं ओझं ओढून हातात भलतं बळ आलेलं. पाच वेढे मारले, आणि प्रत्येक वेढ्याला आप्पांना एक एक शिवी दिली. आप्पा वरनं “लांब हात मार, लांब” म्हणत होते.

वर आलो तेव्हा कौस्तुभ नाचत होता.

“मिळालं काका! चार मिनिटांचं आहे. त्यातले दहा सेकंद तुम्ही काही बोलला नाहीत, तेवढे घेतो!”

पावणेपाचला चौकट भरली. खालचं बटण हिरवं झालं. मी बघितलं, खरंच हिरवं झालं.

“दाब की मग,” मी म्हणालो. मला घरी जाऊन गावातल्या एकेका माणसाला जाब विचारायचा होता.

“एक मिनिट.” त्याचं बोट बटणावरच होतं. “आप्पा, हा भोकाचा एक धडा घालतो. फार भारी आहे. फक्त आकडा सांगा. कितव्या दिवशी पाडायचं?”

“कुणाला?”

“सगळ्यांना चालेल असा एक दिवस.”

“ह्याला,” आप्पांनी माझ्याकडं बघितलं, “सात म्हयन्यांनी पहिलं पाडलं. सरपंचीणबाईला चौथ्या दिशी. पैलवानाला दीड वरीस लागलं, लई भित्रं हुतं.”

“हो, पण ठरवता कसं?”

“पाण्यात बघायचं.”

“पाण्यात काय बघायचं?”

“माणूस.”

कौस्तुभनं लिहायला हात उचलला आणि तसाच ठेवला. “त्याला चौकट नाहीये, आप्पा.”

“नसंल.”

...

विहिरीत एक पारवा शिरला, घुमला, बाहेर गेला. पाचला दहा कमी. पोराचं बोट बटणावरनं खाली आलं.

“पहिला कोर्स मी हातानं केला होता,” तो एकदम म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “सायकलचं पंक्चर कसं काढायचं त्याचा. एका दुकानात सात महिने बसलो. हात काळे व्हायचे. एकशे बारा लोकांनी घेतला फक्त. पण एका बाईंचं पत्र आलं. ‘तुमचं बघून मी मुलीच्या सायकलचं पंक्चर स्वतः काढलं. कुणाला हाक मारावी लागली नाही.’ पाकिटात टिकलीएवढा रबराचा तुकडा ठेवला होता, उरलेला.”

“आन आता?”

“आता बारा-बारा हजार लोक घेतात.”

“पत्रं?”

“...पत्रं नाही येत. तारे येतात. पाचपैकी चार.”

मला त्याचा राग येत होता असं मी मघाशी म्हणालो. तो कुठं गेला कळलं नाही. पोरगं हडकलेलं होतं, बूट भिजलेले होते, आणि त्या हिरव्या बटणाकडं ते असं बघत होतं जसा मी बावीस वर्षं डब्याकडं बघत आलो.

“आप्पा,” तो हळूच म्हणाला, “साच्याशिवाय मला आता जमेल का हो? तेव्हा केलं होतं तसं? मला भीती वाटते. रिकामं पान उघडलं की हात चालत नाही. लगेच साचा उघडतो.”

 आप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले. सावकाश गोठ्याकडं गेले.

आम्ही दोघं बसून राहिलो. मला वाटलं रागावून गेले. कौस्तुभलाही तेच वाटलं असणार, त्यानं घड्याळ बघितलं, लॅपटॉप जवळ ओढला. पाचला चार कमी होते.

आप्पा परत आले. एका हातात गंजका चार इंची खिळा. दुसऱ्या हातात पाट्यावरचा वरवंटा.

पोराच्या शेजारी बसले. लॅपटॉप त्याच्या मांडीवरनं उचलला, मिटला, पायरीवर नीट सपाट ठेवला, आणि लॅपटॉपच्या पाठीवर मधोमध खिळा टेकवला.

“आप्पा!” मी ओरडलो.

कौस्तुभनं झडप घालायला दोन्ही हात पुढं केले. आणि मधेच थांबला. हात तसेच हवेत.

आप्पांनी वरवंटा उचलला आणि त्याच्याकडं बघितलं, नवख्या माणसाच्या पाठीला डबा बांधताना बघतात तसं, अगदी मायेनं.

“बोल पोरा,” ते म्हणाले. “कुठं पाडू?”